स्पीड टेस्ट झकास, तरी व्हिडिओ अडकतो: बफरिंग आणि बँडविड्थचे सुळके नीट वाचायचे कसे

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. प्लॅन १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट), स्पीड टेस्ट ९५ दाखवते, आणि तरी रात्री सिनेमा लावला की दर काही मिनिटांनी पडद्याच्या मधोमध ते चक्र फिरायला लागतं. मग घरातला थोडाफार जाणकार माणूस राउटरचं पान उघडतो, ट्रॅफिकचा आलेख बघतो आणि दचकतो. रेघ एकदम छताला टेकते, लगेच शून्यावर येते, पुन्हा छताला. निष्कर्ष ठरलेला असतो: कुणीतरी आपली बँडविड्थ खातंय. वायफायचा पासवर्ड बदलला जातो, राउटर रीस्टार्ट होतो, काही दिवस बरे जातात आणि मग ये रे माझ्या मागल्या.

यातला सुळक्यांवरचा संशय आधी काढून टाकू. व्हिडिओ चालू असताना आलेखात सुळके दिसणं हे लाइनची तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. काळजी करायची ती सुळके गायब होऊन रेघ सपाट झाली की.

सुळके येतात कुठून

यूट्यूब असो, नेटफ्लिक्स असो किंवा आणखी कुठलं ॲप, सिनेमा सलग येत नाही. सर्व्हरवर त्याचे काही सेकंदांचे तुकडे आधीच करून ठेवलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा चार-सहा वेगवेगळ्या दर्जांत तयार असतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस पद्धत घ्या किंवा २०१२ मध्ये आयएसओचं मानक झालेली डॅश घ्या, गाभा हाच. तुमच्या टीव्हीवरचं प्लेअर एक तुकडा मागतं, तो मिळेल तितक्या वेगाने उतरवतं, साठ्यात टाकतं आणि साठा पुरेसा भरला की गप्प बसतं. थोडा साठा खर्च झाला की पुढचा तुकडा मागतं.

हिशोब करून बघू. ॲपलची शिफारस सहा सेकंदांच्या तुकड्यांची आहे. १०८०पी चित्राचा बिटरेट (एका सेकंदाच्या चित्राला लागणारा डेटा) ५ एमबीपीएस धरला तर एक तुकडा ३० मेगाबिटचा झाला. लाइन १०० एमबीपीएसची असेल तर तो ०.३ सेकंदात घरात येतो आणि पुढचे ५.७ सेकंद लाइन रिकामी. आलेखात काय दिसेल? शंभरला टेकलेला एक बारीक सुळका आणि मग लांब सपाट जमीन. सरासरी मात्र पाचच. राउटर जर दर सेकंदाला मोजत असेल तर हे सुळके उंच दिसतात. पाच-पाच मिनिटांची सरासरी काढून रेघ काढत असेल तर तोच सिनेमा शांत, बुटक्या पट्टीसारखा दिसतो. म्हणजे सुळक्याची उंची सिनेमाबद्दल फारसं काही सांगत नाही. ती लाइनचा कमाल वेग आणि राउटरची मोजायची सवय तेवढी सांगते.

सिनेमा सुरू होतानाचा पहिला सुळका रुंद असतो, कारण प्लेअरला रिकामा साठा भरायचा असतो. पुढे-मागे उडी मारली की साठा टाकून द्यावा लागतो आणि तसाच रुंद सुळका पुन्हा येतो. मारामारीच्या किंवा पावसाच्या प्रसंगात तुकडे मुळातच मोठे होतात, कारण चित्र जितकं हलतं तितके बिट जास्त लागतात. हे सगळं अपेक्षितच आहे.

आता आजारी लाइन बघा. तोच ३० मेगाबिटचा तुकडा, पण प्रत्यक्ष हाती येणारा वेग ४ एमबीपीएस. तुकडा उतरायला ७.५ सेकंद लागतात आणि त्यातून सहा सेकंदांचंच चित्र मिळतं. दर तुकड्यामागे दीड सेकंदाची तूट. साठ्यात ३० सेकंद असतील तर अडीच मिनिटांत तो आटतो, चक्र फिरतं, थोडा साठा होतो, चित्र चालतं, पुन्हा आटतं. ‘बरोबर दोन-तीन मिनिटांनी अडकतं’ असं सांगणाऱ्या माणसाची लाइन साधारण अशी वागत असते. आणि या काळात आलेखात सुळके नसतातच. चारवर चिकटलेली एक अखंड आडवी रेघ असते, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

असं झाल्यावर प्लेअरने खरं तर खालच्या दर्जाचे तुकडे मागायला हवेत, आणि ते मागतंही. पण दर्जा ‘ऑटो’ वरून काढून १०८०पी वर खिळवून ठेवला असेल तर त्याचे हात बांधलेले असतात. सतत अडकणाऱ्या व्हिडिओवर सर्वात सोपा उपाय कधी कधी इतकाच असतो: दर्जा परत ऑटोवर न्या.

घरात दोन टीव्ही एकाच वेळी चालू असतील तर आणखी एक गंमत होते. पहिलं प्लेअर तुकडा उतरवून गप्प बसलेलं असताना दुसरं मोजमाप करतं. त्याला सगळी लाइन मोकळी वाटते आणि ते वरचा दर्जा मागतं. मग दोघांचे तुकडे एकमेकांवर आदळतात, दोघंही घाबरून खाली उतरतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा वर चढतात. चित्र कधी स्वच्छ, कधी धुरकट असं हेलकावत राहिलं आणि चक्र मात्र फिरत नसेल, तर कारण बऱ्याचदा हे असतं. एका टीव्हीवर दर्जाची कमाल मर्यादा घालून दिली की हेलकावे थांबतात.

आधी नक्की काय अडकतंय ते बघा

‘बफरिंग होतंय’ या एका वाक्यात लोक निदान चार वेगळे आजार सांगतात. चक्र फिरणं म्हणजे साठा संपला, हे खरं बफरिंग. चित्र धुरकट होणं म्हणजे प्लेअरने साठा संपू नये म्हणून दर्जा उतरवला. चक्र न फिरता चित्र झटके खात चालणं, किंवा आवाज पुढे आणि चित्र मागे राहणं, यात नेटचा दोष क्वचित असतो. टीव्हीच्या किंवा फोनच्या प्रोसेसरला ते चित्र उलगडणं झेपत नाहीये. आणि सुरू व्हायलाच खूप वेळ लागतो पण एकदा लागलं की सुरळीत चालतं, याची कारणं तर सर्वस्वी वेगळी.

कुठला आजार आहे हे डोळ्यांनी ओळखण्यापेक्षा आकडे बघणं बरं. यूट्यूबवर कंप्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. टीव्हीच्या ॲपमध्ये आणि फोनवरही हा पर्याय सेटिंग्जमध्ये सापडतो. नेटफ्लिक्स ब्राउझरमध्ये चालू असेल तर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि डी एकत्र दाबलं की अशीच आकड्यांची पाटी येते.

यातल्या दोनच ओळी कामाच्या. ‘बफर हेल्थ’ म्हणजे साठ्यात किती सेकंदांचं चित्र आहे. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ म्हणजे उलगडता न आल्याने टाकून दिलेली चित्रं. चित्र झटके खातंय, बफर हेल्थ चाळीस-पन्नास सेकंदांवर ठणठणीत आहे आणि ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा भराभर वाढतोय, तर राउटरकडे बघूसुद्धा नका. डिव्हाइस थकलंय. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ या कोडेकमध्ये (चित्र दाबून लहान करायच्या पद्धतीत) चित्र पाठवत असेल आणि तुमच्या जुन्या डिव्हाइसच्या चिपमध्ये त्याची सोय नसेल, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. एव्ही१ हे २०१८ चं, त्यामुळे त्याआधीच्या टीव्हीत आणि फोनांत त्याची हार्डवेअरमधली सोय असण्याचा प्रश्नच नाही. दर्जा एक पायरी उतरवा, बाकीची ॲप बंद करा, किंवा टीव्हीला वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावा.

बफर हेल्थ हळूहळू उतरत शून्याला लागत असेल तर वेग कमी पडतोय. बराच वेळ भरलेली असून अचानक भरणंच थांबत असेल आणि मग एका सरळ उतारावर घसरत असेल, तर मध्ये काहीतरी तुटतंय: वायफाय, केबल किंवा बाहेरची लाइन. या दोन उतारांमधला फरक ओळखला की अर्धं काम झालं.

स्पीड टेस्ट खोटं बोलत नाही, पण

ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडून, बहुतेकदा तुमच्या सेवा कंपनीच्याच जाळ्यातल्या किंवा अगदी जवळच्या सर्व्हरपर्यंत, दहा-पंधरा सेकंद जास्तीत जास्त किती ओढता येतं, हे ती मोजते. व्हिडिओ एखाद-दुसऱ्या कनेक्शनवरून, दुसऱ्याच सर्व्हरकडून, दोन-अडीच तास येत राहायचा असतो. आणि टेस्ट लोक घेतात कुठे? राउटरशेजारी उभं राहून, फोनवर. टीव्ही असतो दोन भिंतींपलीकडे.

लागणारा वेग तसा फार नसतो. नेटफ्लिक्स १०८०पी साठी ५ आणि ४के साठी १५ एमबीपीएस सांगतं, यूट्यूब ४के साठी २० सांगतं. (इथे बिट आणि बाइट यांची गल्लत नको, आठ बिटांचा एक बाइट. १५ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दोन मेगाबाइटही होत नाहीत.) म्हणून १०० च्या लाइनवर एक टीव्ही अडकत असेल तर २०० चा प्लॅन घेऊन काहीही होणार नाही, असं मी ठामपणे सांगतो. कंपनीच्या फोनवर बहुतेकदा हाच उपाय सुचवला जातो, ते वेगळं.

टेस्ट घ्यायचीच तर टीव्हीच्या ब्राउझरमध्ये किंवा टीव्हीजवळ फोन धरून घ्या, आणि फास्ट डॉट कॉम वापरा. ही टेस्ट नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये आणली आणि ती त्यांच्याच व्हिडिओ सर्व्हरकडून मोजते, त्यामुळे निकाल प्रत्यक्षाच्या जवळ जातो. तिथे ‘जास्त माहिती’ दाबलं की दोन लेटन्सी (निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) दिसतात: लाइन रिकामी असतानाची आणि लाइन भरलेली असतानाची. दुसरा आकडा लिहून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

दोन पिंग, एकाच वेळी

बिघाड घरात आहे की घराबाहेर, याचा निकाल यासारखा स्वस्तात दुसरं काही लावत नाही. लॅपटॉप टीव्हीशेजारी ठेवा, वायफायलाच जोडलेला असू दे. कमांड टाइप करायच्या दोन खिडक्या उघडा (विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, मॅक आणि लिनक्सवर टर्मिनल). एकीत राउटरच्या पत्त्यावर पिंग (छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावा, बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर, उदाहरणार्थ ८.८.८.८ वर. विंडोजमध्ये पिंग चार वेळा होऊन थांबतं, ते चालू ठेवायला टी (-t) हा पर्याय द्यावा लागतो. मॅक आणि लिनक्सवर ते आपोआप चालत राहतं. मग सिनेमा लावा आणि अडकण्याची वाट बघा.

अडकलं त्या क्षणी राउटरचाच पिंग २-३ मिलिसेकंदांवरून शेकड्यांवर गेला किंवा ‘टाइम्ड आउट’ आला, तर दोष वायफायचा. राउटरचा पिंग शांत आहे आणि बाहेरचा भडकलाय, तर दोष राउटरच्या पलीकडे, किंवा राउटर आणि बाहेरची लाइन यांच्या सांध्यावर. दोन्ही शांत असतील आणि तरी चक्र फिरत असेल, तर ॲप, टीव्ही किंवा त्या विशिष्ट सेवेचा सर्व्हर.

थोडंसं पॅकेट लॉस (डेटाची काही छोटी पाकिटं वाटेत हरवणं) किरकोळ समजू नका. जुन्या पद्धतीच्या टीसीपीमध्ये (नेटवर डेटा पोचवायच्या नियमांत) पॅकेट हरवलं की पाठवणारा गर्दी झाली असं समजून वेग निम्मा करतो. जाण्यायेण्याचा वेळ १०० मिलिसेकंद आणि लॉस एक टक्का असेल, तर एका कनेक्शनचा वेग गणिताने दीड एमबीपीएसच्याही आत राहतो, मग प्लॅन कितीचा का असेना. नव्या पद्धती याहून सोशिक आहेत, गूगलने २०१६ मध्ये आणलेली बीबीआर त्यातली एक, पण सर्व्हर कुठली वापरतो हे आपल्या हातात नाही.

वायफाय: बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात

दोष वायफायचा निघाला तर पहिली कृती एकच: टीव्हीला लॅन केबल लावून बघा. केबल जमिनीवर लोळत गेली तरी एका रात्रीपुरतं चालेल. अडकणं थांबलं तर शंका संपली. अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे केबलवर स्पीड टेस्ट वायफायपेक्षा कमी दाखवू शकते. दाखवू द्या. व्हिडिओला उंची नको असते, सातत्य हवं असतं.

केबल कायमची टाकता येत नसेल तर वायफाय समजून घ्यावं लागतं. एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, मग तो तुमचा टीव्ही असो, तुमचा फोन असो की शेजारचा राउटर. सभेत एखादा अडखळत, थांबत बोलणारा वक्ता माइक सोडत नाही आणि बाकीचे ताटकळतात, तसंच इथे होतं: कोपऱ्यातल्या खोलीत क्षीण सिग्नलवर लटकलेला एक जुना फोन तेवढाच डेटा पाठवायला कितीतरी पट जास्त वेळ चॅनेल अडवून ठेवतो. आलेखात त्याचे एमबी नगण्य दिसतात, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. खाल्लेला असतो तो वेळ, आणि वेळ राउटरच्या आलेखात दिसत नाही.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो पण त्यात एकमेकांवर न येणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दाट वस्तीत तीनही भरलेली असतात. त्यात ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. जेवणाच्या वेळीच व्हिडिओ अडकतो अशी तक्रार असेल तर ओव्हन चालू करून पिंग बघा, दोन मिनिटांत उलगडा होईल. यूएसबी ३ च्या हार्ड डिस्क आणि त्यांच्या केबलींतूनही याच पट्ट्यात गोंगाट सुटतो. टीव्हीच्या मागे अशी डिस्क आणि शेजारीच स्ट्रीमिंग स्टिक असेल तर दोघांना लांब करा. स्टिकबरोबर जी आखूड एचडीएमआय तार मिळते ती शोभेची नसते. स्टिकला टीव्हीच्या धातूच्या पाठीपासून बाहेर काढायला ती दिलेली असते.

टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर आणणं हा त्यामुळे सहसा सर्वात मोठा फरक पाडणारा बदल. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल तर टीव्ही स्वतःच्या मर्जीने २.४ वर जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. ५ ला वेगळं नाव द्या आणि टीव्हीत जुनं नाव विसरायला लावा.

५ वर एक खोच आहे. त्यातली ५२ ते १४४ ही चॅनेल बहुतेक देशांत रडारबरोबर वाटून घेतलेली आहेत. राउटरला रडारचा सिग्नल जाणवला की नियमाप्रमाणे ते चॅनेल ताबडतोब सोडावं लागतं, आणि त्याच गटातल्या नव्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. घरातली ५ वरची सगळी डिव्हाइस एकदम तुटतात आणि आपोआप परत येतात, असं आठवड्यातून काही वेळा होत असेल तर राउटरच्या लॉगमध्ये रडार किंवा डीएफएस असा उल्लेख शोधा. सापडला तर चॅनेल हाताने ३६ ते ४८ च्या दरम्यान खिळवा.

रिपीटरबद्दल माझं मत फारसं बरं नाही. एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर पुढे पाठवणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो, म्हणजे वेग निम्मा. त्यात तो लोक जिथे रेंज नसते तिथेच लावतात. तिथे त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही. लावायचाच तर राउटर आणि टीव्हीच्या मध्यावर. शक्य असेल तर त्याच्यापर्यंत केबल न्या.

अपलोडकडे कुणी बघत नाही

वायफाय निर्दोष, बाहेरचा पिंग मात्र भडकतोय. इथे लोक लगेच कंपनीला फोन लावतात. थांबा, आधी अपलोड बघा.

घरी आल्यावर फोन वायफायला जोडला जातो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. कॅमेरे रेकॉर्डिंग वर पाठवत असतात. लॅपटॉपचं बॅकअप चालू होतं. डाउनलोड १०० आणि अपलोड १० अशी लाइन असेल तर ते १० सहज भरतात. आता व्हिडिओ बघायला अपलोड कशाला लागतं? प्रत्येक तुकड्याची मागणी वर जाते, आलेल्या पॅकेटांची पोच वर जाते. ती मागणी आणि ती पोच त्याच फोटोंच्या रांगेत मागे उभी राहते. मोडेम आणि राउटर ही रांग खूप लांब वाढू देतात, काही टाकून देण्यापेक्षा साठवून ठेवलेलं बरं असा त्यांचा हिशोब. मग १५ मिलिसेकंदांचा पिंग ८०० वर जातो, तुकडा वेळेवर मागितलाच जात नाही, आणि डाउनलोडचा आलेख बघितला तर लाइन रिकामी! बँडविड्थ आहे, व्हिडिओ नाही.

या दुखण्याला जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर कोडेल नावाची युक्ती मांडली: रांगेची लांबी मोजू नका, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजा. तिचीच पुढची आवृत्ती एफक्यू-कोडेल, २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी, त्यामुळे फोटोंच्या लोंढ्यामागे व्हिडिओची मागणी अडकत नाही.

मघाशी लिहून ठेवलेला आकडा आता काढा. भरलेल्या लाइनची लेटन्सी रिकाम्या लाइनपेक्षा तीस-चाळीस मिलिसेकंदांनी जास्त असेल तर सोडून द्या. काही शेकड्यांनी जास्त असेल तर रोग सापडला. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम, स्मार्ट क्यू किंवा रांग आवरण्याचा असाच पर्याय शोधा. ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरवर टाकायची मोफत प्रणाली) तो मिळतो, काही तयार राउटरांतही असतो. त्यात लाइनचा वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के भरा. थोडा वेग सोडून द्यावा लागतो, कारण रांग मोडेममध्ये न साचता राउटरमध्ये साचायला हवी; राउटरला ती आवरता येते, मोडेमला नाही. स्वस्त राउटरांवर ‘क्यूओएस’ या नावाने जे काही असतं त्यात ‘गेमिंगला प्राधान्य’ वगैरे बटणं असतात. त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

असा पर्याय नसेल तर साधा मार्ग: क्लाउड बॅकअप पहाटेच्या वेळेवर टाका आणि कॅमेऱ्यांचा दर्जा उतरवा किंवा फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायला सांगा.

फक्त संध्याकाळीच

सकाळी सगळं सुरळीत आणि रात्री आठ ते अकरा बोंब, हे घरातलं दुखणं असण्याची शक्यता कमी. (अपवाद वर सांगितला: घरातलेही सगळे संध्याकाळीच घरी असतात.) जीपॉन पद्धतीच्या फायबरमध्ये एका तंतूवरचे सुमारे २.५ गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. तेवढं पुरतं, खरी चणचण त्याच्या पुढे, कंपनीच्या जाळ्यातून बाहेर पडणाऱ्या वाटांवर असते.

इथे व्हीपीएनची (सगळा डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सेवा) एक चाचणी उपयोगी पडते. रात्री अडकत असताना लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, व्हीपीएन चालू करा आणि तोच यूट्यूब व्हिडिओ लावा. व्हीपीएनवर सुरळीत चालला, तर तुमच्या घरापर्यंतची लाइन ठीक आहे आणि त्या सेवेकडे जाणारी नेहमीची वाट तुंबलेली किंवा आवळलेली आहे. व्हीपीएनवरही तसाच अडकला, तर बहुधा तुमच्या भागातलीच लाइन भरलेली आहे. यात व्हीपीएन धड वेगाचं हवं, नाहीतर चाचणीच फसते.

डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा) बदलण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. डीएनएसने वेग वाढत नाही. फार तर तुम्हाला जवळच्या सर्व्हरऐवजी लांबचा मिळू शकतो. गूगलची डीएनएस सेवा तुमच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवते, क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ खासगीपणासाठी कळवत नाही, त्यामुळे दोघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात. नेटफ्लिक्ससारखी सेवा तर कुठल्या सर्व्हरवरून चित्र द्यायचं हे तुमच्या आयपी पत्त्यावरून स्वतःच ठरवते. डीएनएस मुद्दाम बदललेलं असेल तर कंपनीचं मूळचं लावून बघा, एवढंच.

तोवर निभावून न्यायचं तर दर्जाची कमाल मर्यादा एक पायरी खाली आणा. फरक वाटतो त्याहून कमी जाणवतो. २०२० च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सने युरोपातलं आपलं ट्रॅफिक सुमारे २५ टक्क्यांनी उतरवलं, ते प्रत्येक रिझोल्यूशनमधले सर्वात जड बिटरेट काढून. पडद्यावरचं रिझोल्यूशन तेच राहिलं.

थेट प्रक्षेपणाला मात्र ही सूट नाही. सामना चालू असताना पुढचे तुकडे अजून तयारच झालेले नसतात, त्यामुळे साठा काही सेकंदांचाच राहतो. सिनेमा न अडकणाऱ्या लाइनवर सामना अडकू शकतो, आणि त्यात गूढ काही नाही. ‘लो लेटन्सी’ किंवा ‘लाइव्हच्या जवळ राहा’ असा पर्याय असेल तर तो बंद करा, किंवा अर्धा मिनिट पॉज करून मग चालू करा. शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी ऐकू येईल, पण तुमचं चित्र थांबणार नाही.

कंपनीला काय सांगायचं

‘नेट स्लो आहे’ म्हटलं की समोरून राउटर रीस्टार्ट करायला सांगतात आणि तक्रार बंद होते. त्याऐवजी हातात हे असू द्या: लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून घेतलेले पिंग, तारीख आणि वेळेसह, एक चांगल्या वेळेचा आणि एक वाईट वेळेचा. राउटरपर्यंतचा पिंग शून्य लॉसचा, बाहेरचा इतक्या टक्क्यांचा, हे वाक्य ऐकलं की वायफायवर ढकलायची वाट बंद होते. ट्रेसरूटही (डेटा कुठल्या टप्प्यांतून जातो ते दाखवणारी कमांड) जोडा, पण तो वाचताना सांभाळा. मधल्याच एका टप्प्यावर लॉस दिसतोय आणि पुढचे सगळे टप्पे स्वच्छ आहेत, तर तो दोष नव्हे. मधले राउटर पिंगला उत्तर देणं हे दुय्यम काम मानतात. लॉस ज्या टप्प्यावर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकतो, तो टप्पा महत्त्वाचा.

फायबर असेल तर मोडेमच्या पानावर ऑप्टिकल रिसीव्ह पॉवरचा आकडा सापडतो. तो उणे आकड्यात डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) असतो. -२७ च्या जवळपास किंवा त्याहून खाली असेल तर सिग्नल काठावर आहे: कुठेतरी तंतू जास्त वाकलाय, जोड मळलाय किंवा सांधा बिघडलाय. हा आकडा फोनवर सांगा आणि तंत्रज्ञ पाठवायला सांगा. तो आल्यावर राउटर बदलून देऊन निघू लागला तर आधी त्याच्यासमोर तो आकडा पुन्हा उघडून बघा. राउटर बदलून डीबीएम सुधारत नाही.